घंटेआधीची फेरी

मी नदीवरचा एक जुना पूल आहे. साधा नव्हे हं. साधा पूल जन्मभर एका जागी आडवा पडून असतो आणि त्याला कुणी नावंही ठेवत नाही. मी मधोमध उघडतो. समुद्राकडून मोठं जहाज आलं की माझ्या दोन्ही झडपा वर उचलल्या जातात, जहाज मधून आतल्या धक्क्याकडे निघून जातं, आणि मी पुन्हा मिटून रस्ता होतो. त्यामुळे रस्त्यावरचे लोक म्हणतात, हा मेला जहाजांचा. जहाजांवरचे म्हणतात, हा मेला रस्त्याचा. शिव्या मात्र दोघांच्याही मीच खातो.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायची म्हणजे जन्मापासून सांगावी लागते. पण मला त्यात फार रस नाही, म्हणून भराभरा सांगतो. माझं लोखंड तुकड्यातुकड्यांनी बोटींतून आलं. तापून लाल झालेले खिळे चिमट्याने झेलत आणि घणाने ठोकत कामगारांनी मला जोडलं. एक झडप शहराच्या काठावरून बांधत आणली, दुसरी गोदामांच्या काठावरून. दोघींची टोकं मध्यावर भेटायची वेळ आली तेव्हा बोटभर चुकली. साहेब लोक एकमेकांवर ओरडले, मग कानस घेऊन घासत बसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की दोन काठांना मध्यावर भेटवणं ही सोपी गोष्ट नाही.

मी उघडतो कसा, हे मुलांना नेहमी जादूसारखं वाटतं. जादू काही नाही. प्रत्येक झडपेच्या मागच्या टोकाला, रस्त्याखालच्या खोलीत, एक अवजड ठोकळा आहे. शेपूट जड असली की डोकं सहज उचललं जातं, बागेतल्या फळीवर एका बाजूला जाडा मुलगा बसला की दुसरीकडचा वर जातो ना, तसंच. दातेरी चाकं नुसता आधार देतात. प्रत्येक काठावर एक केबिन आहे, केबिनमध्ये एक चालक, त्याच्या हातात एक दांडा, डोक्यावर एक पितळी घंटा आणि भिंतीला पलीकडच्या केबिनशी बोलायचा एक टेलिफोन. शहराकडची झडप शहराकडचा चालक उचलतो, गोदामांकडची गोदामांकडचा. एकाने उचलून भागत नाही. दोघांनी मिळून करायचं काम आहे हे.

माझ्यात एक खोट पहिल्यापासून आहे, ती सांगून टाकतो. मध्यावर, पायी चालणाऱ्यांच्या पट्टीवर, माझ्या दोन्ही झडपांच्या टोकांना दिव्यांचे दोन जाडजूड खांब आहेत. रात्री जहाजांना माझं तोंड कुठे आहे ते कळावं म्हणून. त्या दोन खांबांच्या मध्ये माणूस आरामात बसेल एवढी जागा आहे, आणि ती जागा कुठल्याही केबिनमधून दिसत नाही. शहराकडच्याला त्याचा खांब आड येतो, गोदामांकडच्याला त्याचा. नकाशा काढणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आबांच्या.

आबा म्हणजे माझे पहिले चालक. नाकासमोर चालणारा माणूस, पण नाक भारी तिखट. पलीकडच्या केबिनमधल्या जोडीदाराबरोबर ते नुकतेच कामाला लागले होते तेव्हाची गोष्ट. जहाजाचा भोंगा झाला, फाटकं पडली, केबिनमधून पूल रिकामा दिसला. आबांचा हात दांड्यावर गेला होता. कुणास ठाऊक काय वाटलं, ते खाली उतरले आणि मध्यापर्यंत चालत आले. दोन खांबांच्या मध्ये कुत्र्याचं एक पिल्लू निवांत झोपलं होतं. आबांनी त्याला शर्टात घातलं आणि परत गेले. फटीत सापडला म्हणून त्याचं नाव फट्या ठेवलं. पुढे हा फट्या केबिनच्या दारात बसून साहेबांवरच भुंकायचा, पण तो भाग निराळा.

त्या दिवसापासून आबांनी नियम केला. कागदावर नव्हे, पायांवर. भोंगा झाला, फाटकं पडली, की दोन्ही चालकांनी आपापल्या काठावरून मध्यापर्यंत चालत यायचं. खांबांच्या मागे पाहायचं. एकमेकांचं तोंड दिसलं की एकाने म्हणायचं, "रिकामा." दुसऱ्याने म्हणायचं, "रिकामा." मग परत जाऊन घंटा वाजवायची. घंटेचा अर्थ एवढाच, की मी मध्यापर्यंत जाऊन आलो. दोन्ही घंटा झाल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. केबिनमध्ये बसून पूल उचलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं आबा म्हणायचे. पावसात, वाऱ्यात, तापात, त्यांनी ही फेरी चुकवली नाही. जहाजवाले खोळंबल्याची तक्रार करायचे. आबा म्हणायचे, समुद्र ओलांडून आलात, आता माझी चार पावलं जड झाली होय?

माझे चांगले दिवस ते. लोक मला बघायला येत. शाळेतल्या मुलांच्या रांगा यायच्या, मी उघडलो की टाळ्या पडायच्या. दुपारी आबांची बायको डबा घेऊन यायची. घर शहराकडच्या काठावर, आणि जोडीदाराला घरचं कुणी नव्हतं, म्हणून ती दोघांचा डबा आणायची आणि मध्यावर, त्या दोन खांबांच्या मधल्या पायरीवरच उघडायची. मधल्या फटीतून वारा वर यायचा, खाली पाणी दिसायचं. तिच्या दोन मुलांनी तिथे बसून जेवता जेवता माझे सगळे खिळे मोजले असतील.

पुढे ती दोन मुलं मोठी झाली आणि माझ्यावरच लागली. थोरला शहराकडच्या केबिनमध्ये, धाकटा गोदामांकडच्या. थोरला बापासारखा, नियमाचा बैल. धाकटा हसरा, तोंडाळ, जीव लावणारा. फेरीला दोघं मध्यावर यायचे तेव्हा "रिकामा" म्हणून लगेच परतायचे नाहीत. धाकटा काहीतरी टोमणा मारायचा. दादा, पोट बघ जरा, आता झडप उचलायला मागे ठोकळ्याची गरज नाही. थोरला हसू दाबत परत जायचा. त्या दोघांच्या पावलांचा आवाज मला ओळखू यायचा, तुम्हाला आपल्या घरातल्या माणसांचा येतो तसा.

आता पुढचं सांगायला जिवावर येतं, पण सांगतो.

आबा थकले आणि धाकट्याकडे राहायला गेले, गोदामांच्या काठावर. एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी त्यांना टेम्पोत घातलं. दवाखाना शहराच्या काठावर. टेम्पो धाकट्याच्या फाटकाशी आला तेव्हा मी उघडा होतो आणि माझ्या मधून एक लांबलचक जहाज जात होतं. धाकट्याने खिडकीतून बापाचं तोंड पाहिलं आणि वेड्यासारखी घंटा बडवायला सुरुवात केली. घंटा, घंटा, घंटा. पूल खाली घे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण माझ्या पोटात जहाज होतं, मित्रांनो. मी त्या वेळी खाली आलो असतो तर जहाजाच्या पाठीवर कोसळलो असतो. थोरल्याने दांडा हलवला नाही. जहाजाची शेपूट बाहेर पडली तेव्हाच त्याने मला खाली घेतलं, आणि तोवर धाकट्याच्या फाटकाशी टेम्पोत आबा गेले होते.

थोरल्याने त्याच क्षणी पळत यायला हवं होतं. पण पाठोपाठ दुसरं जहाज भोंगा देत होतं; धाकट्याच्या जागी बदली माणूस उभा राहिला, थोरल्याची पाळी घ्यायला मात्र कुणी नव्हतं. तो संध्याकाळी गेला. धाकटा दारात उभा होता. तो ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "दादा, तुला जहाज मोठं वाटलं." आणि दार लावून घेतलं.

धाकट्याला खरं माहीत नव्हतं असं नाही. तोही चालकच होता, जहाज मध्ये असताना पूल खाली येत नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण दुःखाला कुणीतरी धरायला लागतं, आणि थोरला समोर होता. थोरल्यालाही एकदा गळ्यात पडून रडता आलं असतं. तो म्हणाला, माझं काय चुकलं ते सांग आधी. झालं. असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो तिथे उत्तर कधी येत नाही.

पहिल्या दिवसांत दोघं फेरीला यायचे, पण मान खाली घालून. "रिकामा" हा शब्द बंद झाला. मग आपापल्या खांबापाशी यायचे आणि दुसऱ्याची पावलं ऐकू आली की वळायचे. मग अर्ध्यापर्यंत. शेवटी फाटकाशी उभं राहून नुसती मान उंच करायचे आणि परत जाऊन घंटा वाजवायचे. धाकट्याने टेलिफोनचा रिसीव्हर काढून खाली लटकत ठेवला तो ठेवलाच.

तुम्ही म्हणाल, मग त्यांना भीती वाटली नाही का? नाही वाटली, आणि का नाही ते ऐका. थोरल्याला वाटायचं, मी नाही गेलो तरी धाकटा जातच असणार, मला कमीपणा आणायला तरी जाणार. धाकट्याला वाटायचं, दादा कसला चुकवतोय, नियमाचा बैल तो, तो जातच असणार. दोघांचा एकमेकांवर इतका राग होता आणि इतका विश्वास होता. दोन्ही घंटा रोज वाजत होत्या, आणि मध्यावर कुणीच येत नव्हतं. मला तोंड असतं तर दोघांचे कान धरले असते.

आई मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणता येणार नाही, ती पुरती मध्यातच होती. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना भरला की कपड्यांचं गाठोडं बगलेत घेऊन ती माझ्यावरून चालत जायची. दोन्ही काठांवरची पोरं तिला मधली आजी म्हणायची. इकडची नाही, तिकडची नाही, म्हणून मधली. ती हसायची आणि म्हणायची, बरंय की, मधल्यालाच दोन्ही बाजूंनी ऊब मिळते.

पण तिला एकच घोर होता. दोघांनी एका ठिकाणी बसून एकदा तरी जेवावं. थोरल्याच्या घरी धाकटा पाय ठेवत नव्हता, धाकट्याच्या घरी थोरला. ती प्रत्येकाला विचारायची, भेटता की नाही रे? आणि दोघंही, तिचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून, एकच उत्तर द्यायचे. भेटतो की आई. रोज भेटतो. फेरीला मध्यावर. काय बोलता, असं तिने विचारलं की थोरला म्हणायचा, तब्येत विचारली त्याने. धाकटा म्हणायचा, दादा म्हणाला वारा फार आहे आज. दोन्ही सुनांना खरं माहीत होतं. त्यांची अळीमिळी गुपचिळी. सासूबाईंना कशाला दुखवा, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचंही काही वाईट मनात नव्हतं. एका म्हातारीला बरं वाटावं म्हणून चार चांगली माणसं खोटं बोलत होती, आणि माझ्यावरून रोज हजार माणसं जात होती, त्यांतल्या एकालाही ते कळत नव्हतं.

तिचे गुडघे जायला लागले. थोरल्या सुनेला ती एकदा म्हणाली की हा पूल आता मला जास्त दिवस चालवायचा नाही, नंतर ज्या काठावर पडेन तिथली होईन. आणि तिने मनाशी एक बेत केला. दोघं एका जागी येतात अशी एकच जागा तिला माहीत होती.

त्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं. धुकं असतं तर कुणालातरी सबब सापडली असती. महिना भरायला अजून दिवस होते, पण ती गाठोडं आणि डबा घेऊन निघाली. थोरल्याच्या केबिनखालून जाताना तिने वर पाहून हात केला. थोरल्याने तिला माझ्यावर चढताना पाहिलं. मग त्याने चहा ओतून घेतला, तेलाचा डबा घेऊन खालच्या खोलीत दातेरी चाकांना तेल घालून आला. तोवर ती पलीकडे पोचली असेल असं त्याने धरलं. धाकट्याला ती येणार हेच ठाऊक नव्हतं. एक फोन झाला असता, आई पोचली का, एवढाच. पण फोन लटकत होता.

ती मध्यावर थांबली. खांबांच्या मधल्या पायरीवर फडक्याने धूळ झटकली. मधल्या फटीच्या शहराकडच्या बाजूला थोरल्याचा डबा ठेवला, गोदामांकडच्या बाजूला धाकट्याचा. कुणी कुणाच्या हद्दीत गेलो असं म्हणायला नको. स्वतः धाकट्याच्या बाजूला खांबाला पाठ टेकून बसली, कारण पुढे तिकडेच जायचं होतं. आणि वाट पाहू लागली. मला तिचं वजन जाणवत होतं. कितीसं असणार? एका पोत्याएवढंही नाही.

भोंगा झाला. लोक भराभर पांगले. सायकलवरून पाव विकणारा एकजण शेवटी राहिला होता. त्याने तिला पाहून सायकल थांबवली आणि म्हणाला, "आजी, चला, पूल उघडतोय."

ती म्हणाली, "तू हो पुढे बाबा. माझी पोरं येतायत इथे. दोघं."

पाववाल्याला पटलं. पुलाच्या चालकांची आई ती, तिला कोण शहाणपण शिकवणार? तो फाटकाखालून निघून गेला. केबिनखालून जाताना वर हाक मारावी असं त्याच्या मनात आलं होतं, असं त्याने पुढे रडत रडत सांगितलं. पण पोरं येणारच आहेत असं तिनेच सांगितलं होतं ना.

फाटकं पडली. तिने पदर सारखा केला, डब्यांची झाकणं सैल केली आणि आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या. पावलं ऐकू येईनात. आणि शहराकडून घंटा वाजली.

मित्रांनो, त्या बाईने जन्मभर त्या घंटेजवळ डबा आणला होता. घंटेचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. मी मध्यापर्यंत जाऊन आलो. ती मध्यावर बसली होती आणि कुणी आलं नव्हतं. तिने मान वळवून गोदामांकडे पाहिलं. तिकडचा तरी येईल. आणि तिकडचीही घंटा वाजली.

तेव्हा तिला कळलं. माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात वाईट काय, असं मला कुणी विचारलं तर मी पुढचं काही सांगणार नाही, तिचा तो चेहरा सांगेन. ती ओरडली नाही. तिने आधी डबे गोळा करायला हात पुढे केला, कारण बायका तसंच करतात, आणि गुडघे उचलायला वेळ लागला. खाली चाकं फिरली. फट मोठी झाली. थोरल्याचा डबा थोरल्याच्या झडपेवर राहिला, आणि उतार वाढला तसा गडगडत, झाकण उडवत खाली निघाला. ती पलीकडे धाकट्याच्या झडपेवर राहिली. माझा खांब तिच्या पाठीशी होता, म्हणून ती घसरली नाही. मी तिला धरून होतो.

डबा थोरल्याच्या फाटकावर आदळला. आबांचा डबा, बाजूला पोचा पडलेला, त्याने लहानपणापासून पाहिलेला. त्याने दांडा मागे ओढला आणि त्याची झडप जागच्या जागी थांबली. धाकट्याला थांबवायचं होतं. फोन उचलला, पलीकडे कुणी नाही. मग तो घंटा बडवू लागला. घंटा, घंटा, घंटा.

धाकट्याने ती घंटा ऐकली. तशी घंटा माझ्यावर एकदाच वाजली होती, आणि ती त्याने स्वतःच वाजवली होती. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांनी मला चिडवतोय, असं त्याला वाटलं. हे त्यानेच पुढे चौकशीत सांगितलं, कुणी न विचारता. त्याने दात आवळून दांडा धरून ठेवला. फार वेळ नाही. पण माझी झडप चढायला फार वेळ लागत नाही, आणि एका उंचीनंतर खांबाला टेकून राहता येत नाही. ती खांबाच्या कडेवरून निसटली. माझ्या त्या लांब उतारावर तिला धरायला माझ्याजवळ काही नव्हतं. ती धाकट्याच्या फाटकाशी येऊन पडली, आबांचा टेम्पो जिथे उभा राहिला होता, तिथे.

मग दोन्ही झडपा खाली आल्या. थोरला धावत निघाला, मध्य ओलांडून पलीकडे गेला. किती वर्षांनी त्याची पावलं मी त्या बाजूला ऐकली. आईचं डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं. थोरला गुडघ्यांवर बसला. तिने डोळे उघडले, एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोघं एका जागी होते. ती हळूच म्हणाली, "घंटा का वाजवलीत रे?"

त्या दिवशी जहाज थांबलं. मी मिटलेला होतो, रस्ता मोकळा होता, गाडी सरळ माझ्यावरून दवाखान्याकडे धावली. काही उपयोग झाला नाही.

पुढे बैल गेला अन् झोपा केला, तसं झालं. साहेब आले, मोजमापं झाली, कॅमेरे बसले. दोन केबिनच्या जागी एकच ठेवली, दोन्ही झडपा एका बटणावर आणल्या. दोन्ही भावांना कामावरून काढलं, आणि ते बरोबरच होतं, असं दोघंही म्हणाले. घंटा मात्र कुणी उतरवल्या नाहीत, त्यांच्यात आता कोळी जाळी विणतात.

तुम्हाला वाटत असेल, मग भाऊ एक झाले असतील, एका ताटात जेवले असतील. नाही हो. एवढं मोठं दुःख झालं म्हणून माणसं गोड होत नाहीत. दोघांनी एकमेकांच्या घरी जाणं काही सुरू केलं नाही. पण काही दिवसांनी भोंगा झाला, फाटकं पडली, आणि शहराच्या काठावरून थोरला फाटकाखालून वाकून माझ्यावर आला. गोदामांकडून धाकटा. दोघं मध्यावर आले, खांबांच्या मागे पाहिलं.

"रिकामा," थोरला म्हणाला.

"रिकामा," धाकटा म्हणाला.

आणि परत गेले. तेव्हापासून दिवसाच्या प्रत्येक भोंग्याला येऊ लागले. दुसरा एक शब्द बोलले नाहीत. केस पिकले, पाठी वाकल्या. नवी चालक म्हणजे एक तरुण मुलगी आहे, पडद्यावर सगळा पूल बघते. उशीर होतो म्हणून तिला वरून बोलणी बसली. ती एकदा धाकट्याला म्हणाली, काका, कॅमेऱ्यात खांबांच्या मागचंही दिसतं. तो म्हणाला, दिसू दे, बाळ. आणि चालत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही, बटणही त्याच्या आधी दाबलं नाही.

मग थोरला यायचा थांबला. तो आजारी असल्याचं कळलं, आणि मग तो गेल्याचं कळलं. त्या दिवशी धाकटा मध्यावर आला, खांबामागे पाहिलं, "रिकामा" म्हणाला आणि उभा राहिला. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ उभा राहिला. मग तो परत वळला नाही. फट ओलांडून थोरल्याच्या झडपेवर आला, पार शहराच्या फाटकापर्यंत गेला, तिकडून पुन्हा मध्यावर आला, आणि थोरल्याच्या बाजूला उभं राहून म्हणाला, "रिकामा." तेव्हापासून तो दोन्ही बाजू एकटाच चालतो. जहाज खोळंबतं. खोळंबू दे.

मित्रांनो, मला आता गंज लागला आहे. माझ्या खालच्या खोलीत पाणी शिरतं, रंगाचे पोपडे निघाले आहेत. खालच्या बाजूला एक उंच पूल होणार आहे, ज्याला उघडावंच लागणार नाही, आणि मला मोडीत काढणार आहेत म्हणे. तुमच्याकडे मी तेल मागत नाही, रंगही मागत नाही. जुन्या लोखंडाचं काय, ते वितळवून त्याचं दुसरं काहीतरी करतात.

एकच मागतो. तुमच्याही घरी कुणीतरी विचारत असेल, बोलतोस ना त्याच्याशी? भेटतेस ना तिला? हो म्हणायला सोपं असतं, आणि ऐकणाऱ्याला बरंही वाटतं. पण ते माणूस तुमच्या त्या 'हो'वर विसंबून कुठेतरी मध्यावर डबा घेऊन बसलेलं असतं. म्हणून आधी उठा, आणि मध्यापर्यंत चालत जाऊन या. घंटा मग वाजवा.